फुटपाथवरची स्टुलं

३ फेब्रुवारी

चालायला शिकवणाऱ्या बाईंनी ही वही हातात दिली. म्हणाल्या, "रोज पाय किती वेळ घातला, कुठे लाल झालं, कुठे टोचलं, एवढंच लिहायचं." एवढंच लिहायचं होतं तर कागदाचा चिटोरा पुरला असता. वही दिली आहे, तर मी वहीभर लिहिणार. जन्मभर लोकांच्या डोक्यामागे उभा राहून बोलत आलो आणि गेले काही महिने घरात बसून सगळं बोलणं पोटात साचलंय.

तर पाय. डावा पाय गुडघ्याखाली जेमतेम वीतभर उरलाय. बाकीचा आमच्या सलूनजवळच्या चढावर गेला. उभी करून ठेवलेली मालाची गाडी मागे घसरली, मागे भिंत होती आणि मधे मी होतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला हे इतक्यांदा सांगून झालंय की इथे पुन्हा लिहायचा कंटाळा येतो.

नव्या पायाचं नाव मी 'जावई' ठेवलंय. आम्हाला मूलबाळ नाही, पण जावई मिळाला. त्याला रोज धुतलेले मोजे लागतात, पावडर लागते, सकाळी नीट स्वागत लागतं आणि एवढं करूनही स्वारी कुठे ना कुठे रुसतेच. बायको म्हणाली, "निदान जेवायला तरी मागत नाही."

आज जावई सकाळी आले, जेवणाआधी गेले. नडगीच्या टोकाला थोडं लाल.

५ फेब्रुवारी

बाईंच्या हॉलमध्ये दोन दांडे आहेत, त्यांच्या मधून चालायचं. दांड्यांच्या टोकाला भिंतभर आरसा. आरसा दिसला की मला घरी आल्यासारखं वाटतं. मी चालता चालता बाईंशी आरशात बघून गप्पा मारायला लागलो, तर त्या वैतागल्या. "काका, मी तुमच्या शेजारी उभी आहे. आरशात नाही."

त्यांना काय सांगणार? गिऱ्हाइकाशी आपण आरशातच बोलतो. समोरच्याचा चेहरा, मागचा रस्ता, दारातून कोण आलं, कोण नुसतंच डोकावून गेलं, सगळं आरशात. धाकटा भाऊ लहानपणी वडिलांच्या पाठीमागे वाकुल्या दाखवायचा आणि वडील मागे न वळता त्याला दम द्यायचे. त्याला बरीच वर्षं वाटायचं, त्यांना पाठीलाही डोळे आहेत.

९ फेब्रुवारी

संध्याकाळी धाकटा आला. दुकानात दोन खुर्च्या आहेत, खिडकीजवळची माझी आणि आतली त्याची. आल्यावर त्याने चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, मग कपाच्या तळाशी बघत म्हणाला, "दादा, एकट्याने रेटवत नाही रे आता. एक कारागीर बघितलाय. एप्रिलच्या एक तारखेपासून यायला तयार आहे."

"माझ्या खुर्चीवर?"

"तिसरी खुर्ची ठेवायला जागा कुठाय? तू त्याआधी आलास तर त्याला नाही सांगतो. गाडी घेऊन मी रोज येतो तुला न्यायला. दारात उतर, आत ये, काम कर."

इथे माझं डोकं फिरलं. इस्पितळात सगळ्यांच्या देखत मी बोललो होतो की घरापासून दुकानापर्यंत स्वतः चालत येईन, तेव्हाच कात्री हातात धरीन. गाडीतून उतरून खुर्चीमागे उभं राहायला मी काय उद्घाटनाचा पाहुणा आहे? ज्या रस्त्याने गेलो त्याच रस्त्याने चालत यायचं. धाकटा रिकामा कप ठेवून उठला. जाताना हिच्याशी दाराबाहेर बराच वेळ कुजबुजत होता. त्या कारागिराचं नक्की ठरलेलंच असणार.

तर आता एप्रिलच्या आत पोचायचं. नाहीतर खुर्ची गेली. वडिलांनी मला दिलेली खिडकीजवळची जागा.

१२ फेब्रुवारी

दुकानापर्यंत पोचणं वेगळं आणि खुर्चीभोवती फिरणं वेगळं. सरळ रेषेत जावई बरे वागतात, वळायचं म्हटलं की नाटकं. आणि आमचं काम सगळं वळण्याचं. वडिलांचा दंडक होता, गिऱ्हाइकाला फिरवायचं नाही, आपण फिरायचं. खुर्ची गरगर फिरवणाऱ्यांना ते 'कुंभार' म्हणायचे.

म्हणून सराव. स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल मधोमध ठेवलं, त्यावर हिला बसवलं आणि कंगवा घेऊन तिच्याभोवती फिरलो. स्टुलाचा एक पाय आखूड आहे, ती डुलत होती. ते नीट करायचं मी किती वर्षं म्हणतोय. उजवीकडून छान जमलं. डावीकडे वळताना तोल गेला आणि तिच्या खांद्याला गच्च धरलं. ती म्हणाली, "गिऱ्हाईक पळून जाईल हो." मग दोघंही हसलो. तिच्या खांद्यावर बोटं उमटली होती, पण हे तिने सांगितलं नाही, मलाच दिसलं.

१८ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा एकटा रस्त्यावर. काठी घेऊन. बाई म्हणतात रस्त्यावर काठी हवीच, तर असो. हिला बजावून सांगितलं होतं की मागे मागे यायचं नाही, मी काही शाळेत निघालेलं पोर नाही. तिने ताबडतोब कबूल केलं. एवढ्या लवकर ती कधीच काही कबूल करत नाही.

दुकानापर्यंतचा रस्ता असा आहे: आधी लाँड्री, मग चष्म्याचं दुकान, मग औषधाचं, मग बँकेचा कोपरा, तिथून चढ, चढावर ती भिंत आणि भिंत संपली की आम्ही. आज लाँड्रीपर्यंत जाऊन परत आलो. लाँड्रीवाले काका दारातच उभे होते. वा वा म्हणाले. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

घरी आलो तर दार उघडायला हिला वेळ लागला. उघडलं तेव्हा चांगली धापा टाकत होती आणि दोन पायांत दोन वेगळ्या चपला. म्हणे पलंगाखालचं झाडत होते. वय झालं हिचंही.

२३ फेब्रुवारी

लाँड्रीवाल्या काकांनी फुटपाथवर स्टूल टाकलंय. ऐन रस्त्यात नाही, भिंतीला लागून, पण तरी. मी म्हटलं, "काका, हे काय?" तर म्हणतात, "पाठ धरते हो हल्ली. जरा उन्हात बसतो." तिथे दिवसभर सावली असते. पण वडीलधाऱ्या माणसाला कोण बोलणार?

२६ फेब्रुवारी

चष्मेवाल्यापर्यंत मजल. आणि पाहतो तर त्याच्याही दारात स्टूल! वर गादी बांधलेली, हिरव्या फुलांच्या कापडाची. आमच्याकडे पूर्वी तसला पडदा होता. चष्मेवाला म्हणे, "लांबचं दिसतंय का ते बघायला गिऱ्हाइकाला बाहेर बसवतो, समोरच्या बँकेची पाटी वाचायला लावतो." आत त्याच्याकडे अक्षरांचा एवढा मोठा दिव्याचा तक्ता आहे, तो काय शोभेला आहे?

या लोकांचं काहीतरी केलं पाहिजे. माझा पाय नवा, मला सरळ रस्ता लागतो आणि यांनी शर्यतीतले अडथळे मांडल्यासारखी स्टुलं मांडलीत. नगरपालिकेत तक्रार करावी, असं हिला म्हटलं. ती एकदम म्हणाली, "नको नको! कशाला कुणाच्या पोटावर पाय?" मी म्हटलं, स्टुलावर कसलं आलंय पोट? पण तिचं मन फार हळवं आहे.

संध्याकाळी सराव करायचा तर स्वयंपाकघरातलं स्टूल नाही. "कुठे गेलं?" "असेल इथेच कुठेतरी." स्टूल म्हणजे काय टाचणी आहे हरवायला? शेवटी जेवायच्या खुर्चीवर बसवलं हिला. खुर्चीची पाठ मधे मधे येते, मान साफ करता येत नाही.

२ मार्च

आज एक चिंतेची गोष्ट. खिडकीतून पाहिलं, ही चष्मेवाल्याशी रस्त्यात उभी राहून हळू आवाजात बोलत होती. तो हात करून काहीतरी अंतर दाखवत होता, ती मान हलवत होती. मी दिसल्याबरोबर दोघं गप्प. तिला विचारलं तर "कुठे काय, हवापाण्याचं" म्हणाली.

हिच्या डोळ्यांना काहीतरी झालंय आणि माझ्यापासून लपवतेय. मी एवढे दिवस माझ्याच पायात गुंतलो, हिच्याकडे लक्षच दिलं नाही. जेवल्यावर मुद्दाम वर्तमानपत्र पुढे केलं आणि म्हटलं, जरा ती खालची बारीक जाहिरात वाच. तिने घडघडा वाचली आणि माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. म्हणजे जवळचं ठीक आहे. लांबचं गेलं असणार.

७ मार्च

औषधाच्या दुकानापर्यंत. तिथेही स्टूल. आता मी बोलणंच सोडलं.

येताना मास्तर भेटले. निवृत्त मास्तर, आमच्या दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. माझ्या वडिलांच्या खुर्चीत बसलेले, मग माझ्या. त्यांचं डोकं पाहून मला धक्काच बसला. कानांवर केस, मानेवर केस, कल्ल्यांचा नुसता झाडोरा. वर्गात पोरांना केस कापून या म्हणून हाकलणारा माणूस हा! संध्याकाळी धाकट्याला फोनवर झापलं. "जुन्या माणसांकडे लक्ष नाही तुझं."

तो म्हणाला, "अरे, बसतच नाहीत माझ्याकडे. येतात, पेपर वाचतात, तुझ्या खुर्चीकडे बघतात आणि जातात."

मग त्यानेच सांगितलं की खुर्चीवर धूळ बसू नये म्हणून तो रोज तिच्यावर चादर घालतो. मी म्हटलं, "नव्या कारागिरासाठी जपतोयस वाटतं." तो म्हणाला, "तू ना दादा, कमाल आहेस," आणि फोन ठेवला. लागलं असेल त्याला. मला तरी कुठे बोलायचं होतं तसं?

१४ मार्च

बँकेच्या कोपऱ्यावर पोचलो. बाईंनी ऐकलं तर टाळ्या वाजवतील. पण मी इथे खरं लिहितो.

कोपऱ्यावरून चढ दिसतो. चढावर ती भिंत दिसते. भिंतीचा तो भाग नव्याने रंगवलाय, बाकीच्यापेक्षा पांढरा आहे. एक गाडी वर उभी होती, कुणाची तरी साधी चारचाकी, चाकांखाली दगड लावलेली. जो पाय नाहीच त्याची बोटं आखडली. कुणी विचारलं असतं तर मोजा सरकलाय म्हणून सांगणार होतो. कुणी विचारलं नाही. मी वळलो आणि परत आलो.

घरी हिला सांगितलं, कोपऱ्यापर्यंत गेलो, मस्त झालं. ती "हो?" म्हणाली आणि माझ्यासाठी चहा टाकला. आज तिच्याही चहात साखर विसरली होती आणि तिने तो तसाच प्यायला. डोळे जरा सुजल्यासारखे. उद्या तिला डॉक्टरकडे नेतो.

१६ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं म्हटलं तर ही हसायलाच लागली. शेवटी "बरं, एप्रिलमध्ये जाऊ" म्हणाली. एप्रिलच का, कोण जाणे.

१९ मार्च

पुन्हा कोपऱ्यावर. पुन्हा वळलो. परत येताना जावई चावायला लागले, चष्मेवाल्याच्या दारात थांबावंच लागलं. स्टूल होतं, बसलो. अगदी आमच्या हरवलेल्या स्टुलासारखं डुगडुगत होतं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. आजकाल सगळं फर्निचर असंच बनवतात वाटतं. चष्मेवाला पाणी घेऊन आला. मी नको नको म्हणत प्यायलो. स्टुलांबद्दल त्याला जे काही सुनवायचं ठरवलं होतं, ते आज तरी राहिलं.

घरी येऊन पाय काढला तर फोड.

२० मार्च

बाईंनी फोड पाहिला आणि जावयांना सक्त बंदी केली. बरा होईपर्यंत पाय घालायचा नाही. मी एक तारखेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तारीख तुमची आहे, कातडी तिची तिची आहे. ती तुमचं ऐकणार नाही." बाई वयाने माझ्या अर्ध्याही नाहीत, पण बोलतात आजेसासूसारख्या.

२४ मार्च

जावई कपाटाला टेकून उभे आहेत. कुबड्या घेऊन खिडकीपासून पलंगापर्यंत फेऱ्या घालतो.

धाकटा आला होता. मी ठरवूनच टाकलं होतं. म्हटलं, "त्या कारागिराला हो सांग. दे त्याला खुर्ची. मी नुसता येऊन बसत जाईन, पेपर वाचायला, मास्तरांसारखा."

वाटलं होतं त्याला हायसं वाटेल. तो उठून खिडकीशी गेला. बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. घरात आरसा नाही त्या भिंतीला, त्यामुळे चेहरा दिसला नाही. मग म्हणाला, "मी नाही सांगणार. तुला सांगायचं असेल तर चालत ये आणि तूच सांग त्याला." आणि थोड्या वेळाने, "आणि दादा, ती खुर्ची फिरते. फिरायला म्हणूनच केली आहे ती. बाबांच्या वेळची लाकडी असती तर गोष्ट वेगळी."

मी म्हटलं, "मी कुंभार नाही."

"बरं बाबा, नाहीस."

तो गेल्यावर मला रडू आलं. पाय गेला तेव्हाही इतका रडलो नव्हतो. खुर्चीसाठी की भावासाठी, ते नाही कळलं. ही बाहेर गेली होती ते बरं झालं. हल्ली ती फार वेळा बाहेर असते.

२८ मार्च

फोड सुकला. बाईंनी आत आणखी एक पातळ मोजा दिला आणि घरातल्या घरात चालायची परवानगी दिली. "परवा रस्त्यावर," म्हणाल्या. "आणि मधे बसायला लाज वाटू देऊ नका. बसणं म्हणजे हरणं नाही." हे वाक्य मला आवडलं नाही, तरी लिहून ठेवतोय.

३० मार्च, संध्याकाळ

सावकाश, क्रमाने लिहितो. आज घाई करायची नाही.

सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. ही म्हणाली, "कुठे लग्नाला?" मी म्हटलं, जावयांबरोबर निघालोय, नीटनेटकं नको का? खिशात माझा जुना कंगवा टाकला. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मी आज घरीच आहे हं. पुष्कळ कामं पडलीत." विचारलं नव्हतं मी.

लाँड्रीवाले काका स्टुलाशेजारी उभे. स्टूल रिकामं. मी मान हलवली आणि पुढे गेलो. चष्मेवाल्याकडे हिरव्या फुलांची गादी झटकून ठेवलेली. पुढे गेलो. औषधवाल्याचं स्टूलही मागे टाकलं. मला खरंच वाटायला लागलं की मी जिंकतोय. स्टुलांनी माझी वाट अडवायचा चंग बांधलाय आणि मी त्यांना पुरून उरलोय, असं काहीतरी मनात चाललं होतं. किती मूर्ख असावं माणसाने!

कोपरा आला. चढ दिसला. आणि भिंतीजवळ, बरोबर त्या पांढऱ्या रंगाच्या जागी, मास्तर बसले होते. स्टुलावर. पेपर उघडून, केसांचं टोपलं घेऊन.

मला वळताच येईना. मास्तरांसमोर वळायचं कसं? वर गेलो. एक एक पाऊल. त्यांच्यापाशी पोचलो तेव्हा घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

"मास्तर, इथे?"

"ऊन छान येतं." मग पेपरची घडी करत म्हणाले, "पाय मोकळे करायला निघालास? मलाही वरच जायचंय. पण माझे गुडघे कामातून गेलेत, मला सावकाश चालावं लागतं. चालेल ना तुला?"

"चालेल."

मास्तर भिंतीच्या बाजूने चालले, मी रस्त्याच्या बाजूने. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पूर्वी वर्गात अमुक एका पोराला प्रश्न विचारायचा नसेल तेव्हा पाहायचे नाहीत, तसं. भिंत कधी संपली ते मला कळलं नाही. मास्तर त्यांच्या गावातल्या शाळेच्या छपराबद्दल काहीतरी सांगत होते आणि समोर आमची पाटी होती.

धाकटा दाराशी होता. पुढे आला नाही, हात दिला नाही. मला माहीत आहे, त्याला किती जड गेलं असेल ते. आत जाऊन त्याने माझ्या खुर्चीवरची चादर ओढून काढली. मी काठी कोपऱ्यात ठेवली.

मास्तर बसले. मी कापड झटकलं, मानेभोवती बांधलं. हात आठवणीने चालायला लागले, जसं काही कालच दुकान बंद करून गेलो होतो. उजवीकडून फिरलो. जमलं. मागे आलो, मागचं काढलं. मग डावीकडे जायचं होतं. दमलो होतो. जावई म्हणत होते, आता पुरे. मी क्षणभर थांबलो आणि सवयीने आरशात पाहिलं.

आरशात रस्ता दिसतो. समोरच्या फुटपाथवर ही उभी होती. घरी पुष्कळ कामं पडलेली बाई. छातीशी दोन्ही हातांनी स्टूल धरलेलं, हिरव्या फुलांच्या गादीचं, आणि खालून दिसणारा तो आखूड पाय. आमचं स्टूल. तिच्याशेजारी चष्मेवाला, रुमालाने तोंड पुसत. पलीकडून लाँड्रीवाले काका येत होते, त्यांच्या खांद्यावर त्यांचं स्टूल आणि दुसऱ्या हातात मास्तर बसले होते ते. माझी पाठ त्यांच्याकडे होती, म्हणून सगळे निर्धास्त.

मग सगळं एकदम उलगडलं. सावलीत उन्हाला बसणारे काका. बँकेची पाटी. दोन वेगळ्या चपला. पडद्याचं कापड. मी चौदा तारखेला वळलो तेव्हा ती कुठेतरी मागे उभी असणार आणि माझ्याआधी धावत घरी पोचली असणार, आणि मी "मस्त झालं" म्हटल्यावर तिने "हो?" म्हटलं. आज मी स्टूल ओलांडून पुढे गेलो, तर हिने ते उचललं आणि माझ्या मागे चढ चढली. चढावर लागलंच तर असावं म्हणून.

तिने स्टूल फुटपाथवर ठेवलं आणि स्वतःच त्यावर बसली. मनगटाने डोळे पुसले. डोळे चांगले आहेत तिचे, लांबचंही दिसतं.

मास्तरांनाही आरशात दिसतच होतं. मला दिसलंय हेही त्यांना दिसलं. ते घाईघाईने म्हणाले, "आज गरम होतंय, नाही?"

"मान खाली घ्या, मास्तर," मी म्हटलं.

त्यांनी मान खाली घातली. मी बाहीने डोळे कोरडे केले. ते माझं आवरेपर्यंत तसेच बसले, मी काही करत नव्हतो तरी. मग मी खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि ती हळूच फिरवली. मास्तरांची डावी बाजू आपणहून माझ्यापुढे आली. शेजारच्या खुर्चीवर चाललेली धाकट्याची कात्री थांबली. कुंभार तर कुंभार.

कारागिराला धाकट्याने माझ्यासमोर फोन लावून नाही म्हणून सांगितलं. बोलणं ऐकून वाटलं, पलीकडच्या माणसाला त्याचं फारसं नवल वाटलं नसावं.

परत येताना धाकट्याच्या गाडीतून आलो. जावई रुसले होते आणि इस्पितळात मी बोललो होतो ते फक्त जायच्या रस्त्याचं होतं. घरात शिरलो तर ही चुलीपाशी, केस बांधलेले, चेहरा धुतलेला. "झालं का? पोचलात?" असं विचारलं तिने! मी सगळं सांगितलं, लाँड्रीपासून दुकानापर्यंत. मास्तर भेटल्याचंही. तिने प्रत्येक ठिकाणी "अगं बाई" म्हटलं.

स्वयंपाकघरात स्टूल जागेवर होतं. गादी काढलेली.

"सापडलं वाटतं?"

"हो ना. पलंगाखाली होतं."

मी हत्यारांचा डबा काढला, जमिनीवर बसलो, स्टूल उलटं केलं आणि आखूड पायाला लाकडाचा तुकडा बसवला, खिळा मारला, कानसून सारखा केला. ती बघत राहिली. "आजच कसं काय सुचलं?"

"आज मोकळा होतो." मग खिळे डब्यात भरता भरता म्हटलं, "उद्यापासून जायचंही चालत आणि यायचंही चालत, असा विचार आहे. येताना उतार आहे, पण दिवसभर उभा राहून दमलेला असणार. चष्मेवाल्याच्या दारात बसायला काहीतरी लागेल. हे ठेवून येशील? गादीसकट."

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "कधीपासून माहितीये तुम्हाला?"

"मास्तरांची मागची बाजू झाली तेव्हापासून."

"पण तुमची तर पाठ होती!"

मी म्हटलं, अगं, मी आयुष्यभर पाठच करून उभा आहे. ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला, आणि मग काही सुधरेना म्हणून स्टूल सरळ करून त्यावर बसली. स्टूल हललं नाही.